न उघडता

सोहार बंदरामागे सर्व्हरची खोली अठरा अंशांवर,
दाराबाहेर रात्री दोनलाही छत्तीस.
जूनमध्ये मी स्वेटर घालतो. गावी सांगितलं तर हसतात.

कीबोर्डवर खमीसची चिठ्ठी होती:
घाग, यशवंत. वेल्डर. बिल्ला ४४१७.
हिशोब चार दिवसांवर अडलाय.
कंपनी गुंडाळताहेत, सहापर्यंत हवं.

जुनी हजेरी सगळी एका झिपमध्ये.
सहा हजार माणसं, एकशेनव्वद जीबी,
आणि डिस्कवर जागा उरलीय अकरा.
हिला उघडायचं नाही. नुसतं विचारायचं, पोटात काय आहे.
अनझिप, मग उणे व्ही.
तो एवढासा व्ही विसरलो
तर पासपोर्ट, करार, छातीचे एक्स-रे
धडाधड बाहेर येतील
आणि मशीन जागच्या जागी बसेल.

आमचे लोक कार्गोने खोकं पाठवतात
तेव्हा वर यादी चिकटवतात, निळ्या पेनाने:
ब्लँकेट दोन, खजूर, बाम डझनभर, इस्त्री एक.
कस्टमवाला बोट फिरवतो, टेप कापत नाही.
मीही बोट फिरवत गेलो.

४४१७. एकशेबत्तीस फायली, महिन्याला एक.
मूळ आकार, दाबलेला आकार, मध्ये टक्के:
त्र्याण्णव, त्र्याण्णव, त्र्याण्णव.
जे पुन्हा पुन्हा तेच असतं ते जास्त दाबलं जातं.
यंत्र पहिली ओळ लिहून घेतं
आणि पुढे म्हणतं, वरीलप्रमाणे.
सहाला आत, सहाला बाहेर, हजर.
वरीलप्रमाणे.
अकरा वर्षं मिळून चाळीस केबी.
माझ्या मोबाइलमधल्या बिर्याणीच्या एका फोटोत
असे पन्नास घाग मावतील.

मग एका ओळीवर आकडा अडखळला.
जुलै, दोन हजार तेरा: अठ्ठ्याऐंशी.
या महिन्यात काहीतरी होतं
जे दाबून घ्यायला तयार नव्हतं.
अपघात, मारामारी, घरून आलेली तार,
(तार कसली, तेव्हा फोन होते)
मी काय काय मनात मांडून पाहिलं.
मग उणे पी. तेवढी एकच फाईल पडद्यावर,
डिस्कला न शिवता.

नऊ ते बारा, गैरहजर.
शेरा: दाढ. गाल सुजला. रजा पगारी. सही.

बस. खमीसला लिहिलं, चार दिवस धरा.

सहाला गेटवर कॅन्टीनच्या सावलीत
एकजण पराठा खात होता,
बिल्ला खिशावर उलटा लटकलेला. वाऱ्याने फिरला: ४४१७.
घास डावीकडे ढकलून चावत होता,
उजवीकडे जाऊच देत नव्हता.

मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो असेन.
त्याने पराठा कागदात गुंडाळला, विचारलं,
"काय पायजे?"
"काही नाही," म्हटलं,
आणि स्वेटर काढला.