तीन मिलिमीटर

माझ्यात सोन्याचे तीन दाणे आहेत.
तांदळाच्या कणीएवढे. सुईने पेरले,
तेवढंच काय ते टोचणं; सुरी कुणी लावली नाही.
नेलिदा म्हणाली, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात
घरात आलेलं हे पहिलं सोनं,
आणि तेही असल्या जागी.

मी मोजणीदार. ताकुआरेम्बोच्या उत्तरेला
कुणाचं गवत कुठे संपतं हे चाळीस वर्षं सांगत आलो.
डॉक्टर इतुराल्दे पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
'कर्करोग प्रोस्टेटच्या आतच आहे. हद्द ओलांडलेली नाही.
या तीन खुणांवरून आम्ही रोज ग्रंथी शोधणार.'
मी म्हणालो, बाई, पुढचं मी सांगू का?
आधी तीन पक्के दगड, मग बाकी सगळं.

पाच खेपा. एक दिवसाआड.
मोन्तेविदेओत भाचीकडे मुक्काम,
जुलैचा वारा नदीवरून सरळ कॉलरमध्ये.
येर्बा बंद. रोगाचं नाव ऐकून गप्प राहिलो होतो,
हे ऐकून मात्र भांडलो.
तासभर आधी अर्धा लिटर साधं पाणी प्यायचं
आणि धरून ठेवायचं.

बाकावर आम्ही चौघे. चौघांचे गुडघे जुळलेले,
बाई वर्गाबाहेर सोडत नाहीत तशी तोंडं.
विषय हवा, फुटबॉल, गुरांचे भाव;
ज्याच्यासाठी आलो तो अवयव सोडून सगळे.
वॉशिंग्टन सोसा, निवृत्त बेकरीवाला, एकदाच बोलला:
'बायकोला सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी टँगो शिकायला येतो.'
हसायची चोरी होती. हसलो असतो तर सांडलो असतो.

आत यंत्राचा हात माझ्याभोवती फिरतो,
बाजारात बैलाभोवती व्यापारी फिरतो तसा, सावकाश.
लागत काहीच नाही. चटका नाही, धग नाही.
काचेपलीकडून हिमेनाचा आवाज: 'एलादिओ, हलू नका.'

तिसऱ्या खेपेला हात फिरलाच नाही.
'तीन मिलिमीटर सरकलीय.'
कोण?
'ग्रंथी. मूत्राशय कमी भरलंय. उठा, दोन ग्लास आणखी, जरा चाला.'

चाललो. तळघराच्या बोळात
जाऊन येऊन, जाऊन येऊन.
तीन मिलिमीटर.
नकाशावर पेन्सिल बोथट असली तर रेघच तेवढी पडते.

सत्त्याऐंशी साली फेरेइरा बंधूंच्या वाटणीत
माझा एक दगड चुकला.
दोन हात. ओढ्याच्या बाजूला.
घरी आकडे ताडताना त्याच रात्री कळलं.
थोरला तोवर तारा ठोकून मोकळा झाला होता,
रस्त्यात चिखल होता, फी मिळाली होती.
कारणंही मी नीट मोजून ठेवली.
ओढा तारेपलीकडे गेला.
धाकटा थोरल्याच्या मयतीला आला नाही.

आणि इथे एक पोरगी, माझ्या नातीच्या वयाची,
तीन मिलिमीटरसाठी
सगळं थांबवते, पलंग सरकवते, पुन्हा बघते,
पुन्हा.
कुणी विचारणार नसताना.

पाचवी खेप कधी संपली कळलं नाही.
वॉशिंग्टन म्हणाला, आता घरी नाचून दाखवावं लागणार.

रात्रीची बस माझ्यासाठी तीनदा थांबली.
चालकाने कारण विचारलं नाही; त्याचा बापही याच वाटेचा.
नेलिदाने दारातच म्हटलं, 'बघू, कुठे?'
दाखवायला काय होतं? कातडीवर शाईचे ठिपके,
पिसू चावल्यासारखे.
दुखतं? नाही. दमलोय.
बरं झालं? तीन महिन्यांनी रक्त सांगेल.

पहाटे चौथ्यांदा उठलो तो परत आडवा झालो नाही.
माळ्यावरून जुनी पेटी उतरवली,
थिओडोलाइटची काच बाहीने पुसली.
धाकटा फेरेइरा अजून आहे म्हणतात. एकोणऐंशीचा.
थर्मास भरला.
येर्बाला अजून आठवडा आहे, म्हणून नुसतंच ऊन पाणी.
वाटेत थांबावं लागेल,
पुष्कळदा.