डावीकडे ओढते

मे महिना, सकाळचे सात, आणि अंबाझरीच्या धक्क्याचा दगड आत्ताच तापलेला.
बचावपथकाची पिवळी बोट ताडपत्रीखालून बाहेर काढलेली,
मागे दोन इंजिनं, पुढे चाक एकच.
नोंदवहीत शिपायाच्या अक्षरात एवढंच:
'डावीकडे ओढते.'

मी वेणू उईके, घाट रोडवर पंप बांधते.
विहिरीत बुडालेल्या मोटारी माझ्या हातच्या,
तरंगणारी ही पहिलीच.
म्हणून दशरूकाकांना रिक्षात घालून आणलं.
नान्हे घराण्यातले, तळ्यावर वाढलेले,
ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं
आणि जानेवारीपासून ज्यांचा डावा हात
दुसऱ्याचा सांभाळायला घेतल्यासारखा मांडीवर असतो.

"हात नको लावू आधी," पायरीवरून म्हणाले,
"तिले काय होऊन राह्यलं, ते पाह्य."

चाक फिरवलं. पाऊण फेरा नुसता रिकामा,
पातळ पिठलं ढवळावं तसा.
टाकीत तेल बोटभर खाली,
सिलिंडरच्या सीलपाशी ओल, चिकट.
"हवा शिरली असन."
पारदर्शक नळी लावली, टोक बाटलीत.
सोनबा चाक डावीकडे दाबून धरी,
मी निपल सैल करी,
बुडबुडे येत, मग तेल, मग पुन्हा बुडबुडे.
मग उजवीकडे. अर्धा तास.
शेवटी नळीतून नुसतं तेल आलं, अखंड,
चाकाला हाड आलं.

तळ्याच्या मध्यावर सोनबानं चाक सोडलं.
बोट डावीकडे गेली.

काकांना मी काठावरून हात हलवताना पाहिलं,
एकच हात.

डावं इंजिन वर उचललं.
पंख्यामागे नायलॉनचा मांजा, संक्रांतीतला,
शाफ्टला इतका घट्ट बसलेला की धातूच वाटावा.
ब्लेडनं कापून काढला, मूठभर निघाला.
सोनबा म्हणाला, "सापडला चोर!"
दुसरी फेरी.
थोडी कमी, पण डावीकडेच.

आता ऊन डोक्यावर.
काकांनी पाणी मागितलं, प्यायले नाहीत.
"दांडा मोज," म्हणाले.
दोन्ही इंजिनांना जोडणारा दांडा. टेप लावला,
पुढून, मग मागून.
पाऊण इंचाचा फरक.
उजवं इंजिन सरळ पाहतंय,
डावं जराशी मान वळवून.

"नट सरकला असन कोणाचा हात लागून," मी म्हणाले.
आणि मग नटावरचा लाल ठिपका पाहिला.
नेलपॉलिशचा. काकांचा.
काम झालं की ते नटावर आणि दांड्यावर मिळून एक रेघ ओढतात,
नट हलला तर रेघ तुटते.
रेघ तुटली नव्हती.

मी काही बोलले नाही.
ते पायऱ्या उतरून आले, एकेक, कठड्याला धरून,
वाकून पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
"वही आण," म्हणाले. "तारीख पाह्य."
नऊ जानेवारी.
दहा तारखेला पहाटे मोरीत पडले होते.

"त्या दिवशी बोटं बधिर होऊन राह्यली होती,
मले वाटलं थंडीनं.
नट बसला का नाही, कळतच नोहतं."

संसाराच्या दोन चाकांचा दाखला सोनबाच्या ओठांवर आला होता,
मी डोळ्यांनी गप्प केला.
पाना काकांच्या उजव्या हातात दिला,
दांडा मी धरला, डाव्या हाताच्या जागी.
दीड आटे.
घामाचा थेंब रेघेवर पडला, रेघ पुसली नाही,
ती खरवडूनच काढावी लागली.

तिसऱ्या फेरीत बोट समोरच्या काठाकडे गेली,
सोनबाचे दोन्ही हात डोक्यावर.

वहीत 'कारण' असा एक रकाना असतो.
मी लिहिलं: 'जुना नट, झिजलेला.'
काकांनी बोट ठेवून वाचलं.
"खोटं काहून लिहून राह्यली वं?
खोड ते.
लिही: दशरू नान्हे. नऊ जानेवारी.
संध्याकाळी. हाताले मुंग्या."