सदतीस अंश

पत्रात लिहिलं होतं : निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाचे पद,
अकरा महिने, पुढे कोणताही हक्क सांगता येणार नाही.
मी सही केली. शाई वाळायच्या आत
खिडकीखाली मोर ओरडला.
विद्यापीठातले मोर कुणाच्याही सहीला ओरडतात.

राजारामपुरीतली घरमालकीण विचारते,
पीएचडी झाली न्हवं तुमची? मग अजून काय शिकाय लागलाय?
शिकत नाही, काम करते.
मग पर्मनंट हाय का?
मी दुधाची किटली उचलते.
पेशी समजावता येते एक वेळ,
पोस्टडॉक नाही.

दादा शिरोलीला मोल्डर होते, तेहतीस वर्षं.
काळी वाळू अजून नखांच्या मुळाशी.
पहिल्यांदा लॅब बघायला आले तेव्हा
इनक्युबेटरच्या दारावर हात ठेवून म्हणाले,
किती डिग्री?
सदतीस.
एवढंच?
मग जरा वेळ गप्प. हात तिथंच.
ही भट्टी न्हवं गं,
हे तर ताप उतरलेल्या पोराचं कपाळ.

इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं,
सरनोबत मॅडमच्या तांबड्या शेऱ्यांत तर नाहीच.

काम असं :
बशीत पेशी दाटीनं वाढू द्यायच्या
एकीला दुसरीचा खांदा लागेपर्यंत,
मग पिपेटच्या टोकानं मधून रेघ ओढायची.
एका दमात. हात हलला तर बशी फुकट.
काठावरच्या पेशी आधी काहीच करत नाहीत.
मग एखादी पाय काढते पुढं,
पातळ, थरथरता,
वाऱ्यावर टाकलेल्या लुगड्याच्या काठासारखा.
दर दोन तासांनी फोटो.
चोवीस तास.

पंचगंगा हायवेवर आली त्या आठवड्यात
आमचं सीरम कोगनोळी नाक्याला अडकलं.
ड्राय आइस उडून चालला होता,
मी ट्रकवाल्याशी फोनवर भांडले.
तो म्हणाला, ताई, हितं माणसं अडकल्यात.
ते वाक्य प्रयोगाच्या वहीत
तारखेखाली लिहून ठेवलंय. दुसरी जागा नव्हती.

एकतीस तारखेला संध्याकाळी सहाला मी रेघ ओढली.
माझी मुदत रात्री बारापर्यंत.
हिशेब चुकला म्हणाल तर चुकला,
चुकवला म्हणाल तरी हरकत नाही.

बारा, दोन, चार.
सकाळी किल्ल्या घेऊन इलाही मामा आले.
हजेरीपुस्तकात माझ्या नावावर आडवी रेघ, तीही सरळ.
मामांनी दुसरी वही सरकवली, अभ्यागतांची.
हितं करा सही. कारण लिहावं लागतंय, ताई.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : बघायला.

शेवटचा फोटो संध्याकाळचा.
रेघ जवळजवळ भरलेली.
खालच्या बाजूला एके ठिकाणी केसाएवढी फट
आणि दोन पेशी समोरासमोर, पाय उचललेले.
अजून तासभर थांबायला हवं होतं.
मामांची शेवटची केएमटी साडेसातची.

बशी परत आत ठेवली.
कुणीतरी बघेल, किंवा ब्लीचमध्ये जाईल.
थोड्या पेशी नायट्रोजनच्या टाकीत गोठवल्या,
नळीवर लिहिलं : पॅसेज अठरा, माझी दोन अक्षरं,
आणि तारीख एकतीस.
तेवढं एक खोटं.

जुळलं का? दादांनी विचारलं.
जवळजवळ.
त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.
बिडात असं हुतंय, म्हणाले,
दोन्हीकडनं रस येतो, मधे भेटतो,
पण पोचेस्तोवर गार झालेला असतो.
वरनं बघशील तर अखंड. हातोडी बसली की तिथंच सुटतंय.
कोल्ड शट म्हणायचो आम्ही.

हे गार नव्हतं, दादा.
सदतीस?
सदतीस.

मग भरंल की,
म्हणाले, आणि चष्मा शोधायला उठले.