नसेल तर नसो

दोंडाईच्यात मिरची बाजारामागे गिरासेबाईंचा साठ टनी काटा.
सकाळी सातला फोन आला, स्क्रीन काळी,
आणि काट्यावर भरलेली आयशर,
धड चढलेली नाही, धड उतरलेली नाही.

नंदुरबारहून मी पोचलो तोवर मागे सहा गाड्या.
ड्रायव्हर शिंकत होते. इथे शिंका कुणी मोजत नाही.
केबिनमध्ये भटू कीबोर्डवर फडकं मारत बसलेला.
"काय व्हयनं माले माहीत नही, भाऊ.
रातले लाइट गयी, सकायमा उनी.
आते हाई उठतच नही."

उठत नाही म्हणजे नेमकं काय, ते आधी बघावं.
पंखा फिरतो. दिवा लागतो.
कर्नल जागा होतो, ओळी भराभर पडतात
आणि एका ओळीशी सगळं अडतं:
डिस्कची वाट पाहत आहे.
बाजूला सेकंद. मर्यादा दीड मिनिट.
तीन लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे,
उजवीकडून डावीकडे,
दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणी फेऱ्या मारावं तशा.
नव्वद भरले, की आणीबाणी. पासवर्ड द्या.

पहिली भीती डिस्क मेल्याची.
कान लावला. टकटक नाही.
झाकण काढलं तर आत तिखटाचा थर.
केबल उपसली आणि सवयीने फुंकर मारली.
पुढची दहा मिनिटं माझी गेली नळाखाली.

मग पेनड्राइव्हवरून दुसरी लिनक्स चढवली.
तब्येत विचारली: खराब सेक्टर शून्य.
फाइल सिस्टिम तपासली, माउंट न करता.
हे भटूला दोनदा सांगितलं,
चालत्या बैलाला नाल ठोकत नाहीत.
पाचही टप्पे पार पडले.
हरवलं-सापडलंचा कप्पा रिकामा.

गिरासेबाई दारातूनच म्हणाल्या, "गेलं का सगळं?"
"काहीच गेलं नाही, बाई."
"मग चालत का नाही?"
बाहेर हॉर्न. मी उत्तर दिलं नाही.

एफएसटॅब नावाची एक फाइल असते, हजेरीपटासारखी.
उठताना कोण कोण जागेवर पाहिजे, ते तीत लिहिलेलं.
भटूने आकडे वाचले, मी डिस्कांशी ताडून पाहिले.
पहिली ओळ जुळली. दुसरी जुळली.
तिसरीचा आकडा या खोलीत कुणाचाच नव्हता.

"भटू, अजून एक डिस्क होती का रे?"
फडकं थांबलं.
"आप्पानी. काळी. रबर लायेल."

झिपरू आप्पा माळी, एकोणीस वर्षं मुनीम.
संध्याकाळी बॅकअप घ्यायचे, डिस्क खिशात टाकून घरी.
सकाळी सगळ्यांआधी येऊन ती खोचायचे, मगच बटण.
काल शाल, नारळ झालं,
आणि रात्रीच्या गाडीने सुरतला, लेकीकडे.

फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी,
मग खुंटीवरचा सदरा चाचपल्याचा आवाज.
"अरे पोऱ्या," आप्पा म्हणाले, "खिसामाच शे."

भटूने विचारलं, "ती ओळ पुसी टाकू का?"
पुसली असती तरी चाललं असतं. लवकर झालं असतं.
मी ओळ ठेवली. शेवटी एक शब्द घातला, नोफेल.
म्हणजे नसेल तर नसो, तू पुढे हो.
आणि वाट पाहायची मुदत नव्वदवरून पाच.
शून्यही करता आली असती बहुतेक.
करून पाहिली नाही.

बटण दाबलं. ओळी पडल्या, अडल्या नाहीत.
आयशर मागेपुढे होऊन सरळ झाली.
अकरा हजार दोनशे चाळीस.
प्रिंटर करकरला, भटूने चिठ्ठी फाडली,
पुढच्या गाडीला हात केला.

टेबलावरचा फोन कुणी बंदच केला नव्हता.
त्यातून बारीक आवाज आला,
"प्रिंटर वाजना. ठेवस मी."