आठवा

चप्पल काढू नका, आत ग्रीसच आहे सगळीकडे.
हा पहिला. लाल होता म्हणे.
ठाणे-बेलापूर रोडवरच्या रंगाच्या कंपनीत
हिरवळ कापायचा, साहेबांच्या गेटापासून कँटीनपर्यंत.
हे तिथे फिटर. कंपनीला टाळं लागलं
तेव्हा हिशोबाचा चेक यायला दोन वर्षं गेली,
हा आधी आला, टेम्पोत उभा, दोरीने बांधलेला,
नवरदेवासारखा अवघडून.

दुसरा पहिल्यासाठी घेतला.
पहिल्याची पुली कुठे मिळेना.
कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे दुसरा होता, पुलीसकट,
तो म्हणाला सुटी विकत नाही.
आणि घरी आणल्यावर ह्यांचा हात धजेना
त्याची पुली काढायला.
म्हणाले, हा पण चालू होईल गं.
मग दोघांत मिळून तिसरा.
हाव म्हणू नका. सोयरीक आहे ही,
एक जोडली की दहा घरं चहाला येतात.

चौथा कुठला ते मला अजून सांगितलेलं नाही.
पाचव्याला सीट नाही,
तिथे मी पापडांची परात ठेवते, ऊन चांगलं लागतं.

मागे पेपरातला एक पोरगा आला होता.
काका, जमिनी गेल्या, म्हणून का हे ट्रॅक्टर?
वहीत आधीच लिहून आणलं होतं त्याने.
हे म्हणाले, आमची खारजमीन होती बाळा,
बैल गुडघ्यापर्यंत रुतायचा, ह्याला कोण नेतंय तिथे.
आणि हा नांगरत नाही. गवत कापतो.
बिनकामाचं गवत.
पोरगा चहा पिऊन गेला. छापून काही आलं नाही.

मी विचारते तेव्हा दर वेळी वेगळं उत्तर.
पत्रा तेव्हाचा जाड.
असे आता होत नाहीत.
भंगारात वितळला असता.
एकदा म्हणाले, झोप येत नाही, मग मोजतो.
मला सगळीच खोटी वाटतात,
खोटी म्हणजे, नंतर सुचलेली.

सातवा चालू झाला ती रात्र सांगते.
चार दिवस दोरी ओढत होते, खांदा धरला होता तरी.
अकरा वाजून गेलेले. तो एकदा खोकला,
दोनदा खोकला, आणि गोठिवलीची अख्खी आळी
जागी केली मेल्याने.
समोरच्या घरतीणबाईंनी खिडकी आपटली.
हे मागे वळून बघत होते,
मी पाहिलं की नाही ते बघायला.
एकसष्ट वर्षांचा माणूस, तोंडावर काजळी,
पाढा म्हणून दाखवल्यासारखा उभा.
पाच मिनिटं चालला. अजून बंदच आहे.
त्याचं दुःख नाही, काय बिघडलंय ते तर कळलं.
काल नणंदेच्या नवऱ्याचं नाव आठवेना,
अहो अहो करून वेळ मारून नेली.
पण कुठल्या मशीनचा कुठला स्क्रू झिजलाय, विचारा.

आता हा. ह्याचं मी सांगते, कारण हा माझा.
कोलशेतला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते.
जेवून हॉलच्या मागे हात धुवायला वळले,
तर बंद कारखान्याची भिंत पडलेली
आणि घाणेरीत हा. नाक तेवढं बाहेर.
कुणाचंच लक्ष नव्हतं त्याच्याकडे.
खरकट्या हाताने मी फांद्या बाजूला केल्या,
बोनेटवर टिचकी मारली.
पत्रा जाड होता.

घरी येऊन बोलले नाही. तीन दिवस.
भात लावताना, लेकाचा डबा भरताना
मला एकटीलाच ठाऊक होतं, तो तिथे आहे.
तीन दिवस मी चालले ती सुद्धा हळू,
सांडेल म्हणून.

चौथ्या दिवशी सांगितलं.
हे म्हणाले, पुली आहे का त्याला?
म्हटलं, आहे.
टेम्पोवाल्याने बाराशे सांगितले,
आठशेत मी आणला.

जरा इकडे सरका. ओढणी साखळीत जाईल तुमची.