आठ खिसे

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मिळालं होतं ते पुस्तक,
किल्ल्यांच्या वाटा सांगणारं. छापील किंमत पावणेचार रुपये,
मला पडलं वीसला.
नकाशे हातानं काढलेले. उत्तर दिशा कधी वर,
कधी लेखकाच्या मर्जीनं.

छापलेलं फारसं कामाचं नव्हतं.
कामाची होती समासातली पेन्सिल.

“टाकं कोरडं. एप्रिलात भरवसा नको.”
“वाट डावीकडे नाही हो! उजवीकडे, उंबराच्या मागून.”
“लेखक इथवर आलेले दिसत नाहीत.”
“मोजे दोन घालावेत. आतला उलटा, म्हणजे शिवण टोचत नाही.”
“मीठ खिशात. सॅकमध्ये नव्हे, खिशात.”
आणि मागच्या कोऱ्या पानावर, खाली दोन रेघा मारून:
“शर्टाला खिसे आठ हवेत. सहांत भागत नाही.”

बावीस वर्षं त्या पेन्सिलीमागून चाललो.
हंटरचे सात जोड झिजवले, एक सॅक माकडांनी फाडली.
सायनच्या शिंप्याकडे आठ खिशांचा शर्ट टाकला
तेव्हा त्यानं टेप गळ्यात अडकवत विचारलं,
“कंडक्टरकीला लागलात का?”
कधी कधी मीही समासात उत्तर द्यायचो, शाईनं:
“उंबर पडला. आता खूण काय धरायची?”

मग यंदाच्या थंडीत पुठ्ठ्याचा डिंक सुटला
आणि आतल्या घडीत नाव निघालं:
इं. ग. दिवेकर, मुगभाट, गिरगाव.
मी मनात इंद्रजित करून टाकला.
मिशा, जाड काठी, खर्जातला आवाज, सगळं.

पेन्सिलीला भेटायला बसनं कसं जायचं?
रविवारी पहाटे निघालो. बूट, सॅक, तोच शर्ट.

सायन किल्ला: चढ सोपा. माथ्यावर व्यायाम करणारे आजोबा, तीन.
परळ: वाट सरळ, चुकायला वाव नाही.
लालबाग: पाणी मिळते, मिसळही.
भायखळ्याचा पूल: सावली नाही. उतारावर गुडघे जपावेत.
मुगभाट: दोनदा चुकलो. खुणेचा उंबर इथेही नाही.

दुसरा मजला. दार उघडलं एका बाईंनी,
ऐंशीच्या पुढच्या, केस पोरासारखे कापलेले.
“दिवेकर आहेत का? इं. ग.?”
“आहेत की,” त्या म्हणाल्या,
आणि चेहऱ्याआधी माझे बूट पाहिले.
“इंदुमती गणपत. या. डाव्या टाचेवर जास्त रेलता तुम्ही.”

पुस्तक हातात घेऊन त्यांनी ते उघडलं नाही, नुसतं हुंगलं.
भावानं रद्दीत घातलं होतं म्हणे, न विचारता.
मग माझ्या शर्टाकडे बघत राहिल्या.
“आठ?”
“आठ.”

“बायकांच्या कपड्यांना खिसेच नसत हो तेव्हा.
पैसे रुमालात, रुमाल कमरेला, आणि हात कायम अडकलेला.
मी वडिलांचे जुने शर्ट घ्यायची, उशीच्या अभ्र्यांचे खिसे लावायची.
सहा लावले, तरी काहीतरी हातात उरायचंच.
आठवा शिवला त्या दिवशी
दोन्ही हात मोकळे सोडून चालले. पहिल्यांदा.
कशासाठी चढलेय तेच विसरले.”

मी काही बोललो नाही.
बावीस वर्षं त्यातल्या दोन खिशांत मी काहीच ठेवलं नव्हतं.

“दाखवा बघू,” म्हणाल्या, आणि एकेक खिसा रिकामा करायला लावला.
शिट्टी. विजेरी. दोरा-सुई. गूळ. चष्म्याचं घर. पुस्तक.
“मीठ?”
“...सॅकमध्ये.”
“वाचलंत तरी काय मग एवढी वर्षं!”

स्वयंपाकघरात गेल्या. कागद फाटल्याचा आवाज आला.
पुडी सातव्या खिशात स्वतः घातली, बटण लावलं.

पुस्तक मी त्यांच्याकडेच ठेवलं. उंबराचं काय करायचं
ते बघून सांगते म्हणाल्या. पेन्सिल शोधत होत्या.

परत निघालो, चालतच.
भायखळ्याच्या पुलावर पोटरीत गोळा आला.
पुडी सोडली, चिमूटभर चाटलं, थांबलो,
मग मोजे काढले
आणि आतला उलटा केला.