अनुभवाचा दाखला

सुबोध, तुझा फॉर्म पोचला.
नेटवाल्या पोरानं बारा पानं काढून दिली, पानाला पाच रुपये,
वर म्हणाला, मिस्त्री, यात खाडाखोड चालत नसती.
आता खाडाखोडीशिवाय मी आयुष्यात काय केलंय?

लेटरहेड पाहिजे म्हणालास.
आपल्या दुकानाला धड पाटी नाही.
लग्नपत्रिका छापणाऱ्या कुंटूरकरांकडून करून आणलं.
त्यांनी सवयीनं वर ॥ श्री ॥ टाकलं,
मग माझ्याकडे बघून ओशाळले.
म्हणलं राहू द्या, शाई कशाला वाया घालवायची.
खाली ठळक : रज्जाक मोटार वाइंडिंग, स्टेशन रोड, सेलू.

पहिला रकाना तासांचा.
कोणतं काम, किती तास, वेगवेगळं लिहा.
जिनिंगची साठ हॉर्सपॉवर जळाली त्या रात्री
पहाटेपर्यंत कॉइल भरल्या,
तुझ्या बोटांना वार्निश, झोपेलाही वार्निशचाच वास.
ते धरले.
पण लाईट दोनला येणार म्हणून
हातनूरच्या शिवारात बाराला जाऊन बसायचो,
स्टार्टरच्या पेटीला टेकून हरभरा सोलायचो,
ते तास कामाचे की वाट बघण्याचे?
निम्मे लिहिलेत.

दुसरा : सुरक्षेची साधने.
तुझ्याकडे रबरी चप्पल,
माझ्याकडे एक कोरडी फळी,
आणि दोघांत मिळून एक नियम,
डावा हात खिशात.
लिहावं तर ते तुला घेणार नाहीत,
न लिहावं तर मी लबाड.
फळी लिहिली. खिसा गाळला.

आयटीआयच्या कागदावर तुझा ट्रेड वायरमन.
तिकडे म्हणे वायरमन नावाचा माणूसच नसतो.
शिक्क्यासाठी तुझा भाऊ दोनदा मुंबईला जाऊन आला,
पहिल्यांदा खिल्लारेतला एक एल कमी निघाला म्हणून.
एका एलचं भाडं अकराशे रुपये.

तू मात्र तिकडे गोदामात खोकी उचलतोस.
परवा फोनवर हसत सांगितलंस,
डोक्यावरची ट्यूब फडफडायली, मिस्त्री,
चोक गेलाय हे आवाजावरून कळायलं,
पण हात लावायची मुभा नाही.
मी हसलो नाही.
आणि रंगांचं सांगितलंस :
इथं निळी म्हणजे फेज, तिथं निळी न्यूट्रल.
परीक्षेपुरतं हाताला विसरायला शिकवायलो, म्हणालास.
हात विसरत नसतो बाबा.
टेस्टर लावल्याबिगर निळीला शिवू नको,
कोणत्याही मुलखात.

शेवटचा रकाना.
देखरेख करणाऱ्याचा परवाना क्रमांक.

इथं दोन दिवस अडलो.
मला हैदरसाबनी शिकवलं.
हैदरसाब जालन्याच्या एका गिरणीत
इंजिनाचं तेल पुसता पुसता शिकले.
त्यांना कोणी शिकवलं, ते कधी बोलले नाहीत,
नुसता उजव्या अंगठ्याचा काळा डाग दाखवायचे.
इतकी मागं गेली ही वायर,
पण कुठंच नंबर नाही.
करंट मात्र आला ना तुझ्यापर्यंत?

हे त्या रकान्यात मावत नाही.
जागा दहा आकड्यांची होती,
माझा मोबाईल नंबर बरोबर बसला.
विचारा म्हणावं त्यांना, काय विचारायचं ते.
फक्त आपल्या रात्री दोननंतर करायला सांग :
लाईट असते, फोन चार्ज असतो,
मी जागा असतो,
आणि तिकडे म्हणे तेव्हा सकाळचं ऑफिस उघडतं.
बोलायला कुंटूरकरांची पोरगी येईल, इंग्रजी शिकवते ती.

लिफाफा उद्या टाकतो.
नापास झाला कागद तर मनाला लावून घेऊ नको,
कागदच नापास होतो.

एक राहिलं.
सोमवारपासून नवं पोरगं यायलंय, साळेगावचं, अविनाश.
अजून पान्हे ओळखत नाही.
त्याच्यासाठी शंभर पानी वही आणली,
आला किती वाजता, गेला किती वाजता,
रोज लिहायलो.
वाट बघण्याचे तासही.
पूर्ण.